नेटवाला गेल्यावर राऊटरमध्ये काय बदलावं

नेटवाला येतो, फायबर जोडतो, मोबाइलवर स्पीड दाखवतो आणि पंधरा मिनिटांत निघून जातो. राऊटरचा डबा त्याच्या सोयीच्या जागी, त्याने टाकलेल्या पासवर्डवर आणि कारखान्यातून आलेल्या सेटिंगवर चालू राहतो. पुढे कधी तरी कॅमेरा बाहेरून दिसेनासा होतो किंवा माडीवर मीटिंग अडकायला लागते. मग घरातलं कोणी तरी ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पान उघडतं आणि तिथल्या चाळीसेक खटक्यांतला भलताच एखादा दाबून बसतं. त्यातले निम्मे खटके आयुष्यभर तसेच राहिले तरी काही बिघडत नाही. उरलेल्यांतले कोणते, कोणत्या क्रमाने आणि का, ते इथे सांगितलं आहे. उदाहरणं बडोद्यातल्या घरांची घेतली आहेत: रावपुरा, दांडिया बाजारकडची अरुंद आणि खोल जुनी घरं, आणि अलकापुरी-गोत्रीकडचे फ्लॅट.

हात लावण्याआधी

राऊटरच्या पाठीवरच्या स्टिकरचा फोटो काढा. मग ‘बॅकअप’ किंवा ‘कॉन्फिगरेशन’ या नावाच्या पानावरून आत्ताच्या सेटिंगची फाइल लॅपटॉपवर उतरवून घ्या. कंपनीकडून पीपीपीओईचं (कंपनीच्या जाळ्यात लॉगिन होण्याच्या पद्धतीचं) युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन आयडी (त्या जोडणीचा क्रमांक) आधीच मागून ठेवा. जोडणी पीपीपीओईवर नसेल तर ते तसं सांगतील. ही माहिती हाताशी नसताना मागचं रीसेटचं बारीक छिद्र टाचणीने दहा सेकंद दाबलं, की कंपनीने भरलेली सेटिंगही पुसली जाते. काही जोडण्यांवर ती आपोआप परत उतरते, काहींवर नाही, आणि मग माणूस येईपर्यंत घर नेटशिवाय.

काम लॅपटॉपला केबल लावून करा. वाय-फायवरून वाय-फायचीच सेटिंग बदलणं म्हणजे ज्या फांदीवर बसलो तीच तोडणं. एका वेळी एकच बदल, मग पाच मिनिटं वापरून बघा, कागदावर जुना आकडा आणि नवा आकडा लिहा, मगच पुढचा बदल. तीन बदल एकदम केले आणि नेट गेलं, तर कशामुळे गेलं ते शोधण्यात संध्याकाळ जाते.

राऊटरचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओच्या डब्यात १९२.१६८.२९.१. खात्री हवी तर फोनमध्ये जोडलेल्या वाय-फायचा तपशील उघडा. ‘गेटवे’समोर जो आकडा आहे तोच. तो ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत इंग्रजी अंकांत टाका. फोनवरून पान उघडत नसेल तर मोबाइल डेटा आणि व्हीपीएन बंद करून बघा, फोन बरेचदा गुपचूप दुसऱ्या वाटेने जातो. ‘सुरक्षित नाही’ असा इशारा आला तर घाबरू नका. घरातल्या डब्याकडे बाहेरच्या कोणाचं प्रमाणपत्र नसतं, इतकाच त्याचा अर्थ.

कुलपं आधी

पासवर्ड दोन असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक वाय-फायला जोडण्याचा, दुसरा या पानात शिरण्याचा. पाहुण्यांना आपण पहिला देतो. दुसरा अजून ‘अ‍ॅडमिन’च असेल तर पाहुण्याचा दहावीतला मुलगाही आत शिरू शकतो. २०१६मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने जगभरचे कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले ते कारखान्यातल्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या ओळीने वापरून बघत. तेव्हा आधी अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला आणि ‘रिमोट मॅनेजमेंट’ बंद आहे ना ते बघा. कंपनीच्या डब्यात ‘टीआर-०६९’ नावाची एक नोंद दिसेल. कंपनी दुरून सेटिंग पाठवते ती त्या वाटेने, ती राहू द्या.

डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण दाबून किंवा पिन टाकून वाय-फायला जोडण्याची सोय, बंद करा. त्याचा पिन आठ अंकी दिसतो, पण शेवटचा अंक पडताळणीचा असतो आणि उरलेले चार आणि तीन अशा दोन तुकड्यांत तपासले जातात. म्हणजे कोट्यवधी नव्हे, फक्त ११,००० प्रयत्नांत उत्तर सापडतं. हे २०११पासून जाहीर आहे, तरी कित्येक डब्यांत तो खटका अजून चालूच येतो.

सुरक्षेच्या प्रकारात ‘डब्ल्यूपीए२ एईएस’ किंवा ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ ठेवा. ‘टीकेआयपी’ (जुनं एन्क्रिप्शन) कुठेही दिसलं तर काढा. ते वापरणाऱ्या उपकरणाचा वेग ५४ एमबीपीएसवर अडकतो, मग प्लॅन कितीचाही घ्या. नुसतं डब्ल्यूपीए३ केलं तर जुने प्रिंटर आणि स्मार्ट प्लग जोडले जात नाहीत.

तुमचा पत्ता खरा आहे का

कॅमेरा बाहेरून दिसत नाही म्हणून लोक पोर्ट फॉरवर्डिंगच्या (बाहेरून आलेली विनंती घरातल्या ठरावीक उपकरणाकडे वळवण्याच्या) पानावर तासन्‌तास घालवतात, आणि चूक त्या पानावर नसतेच. आधी राऊटरच्या ‘स्टेटस’ पानावरचा वॅन आयपी (राऊटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) बघा आणि मग ‘माझा आयपी काय’ असं सांगणाऱ्या एखाद्या साइटवरचा आयपी बघा. दोन्ही एकच असतील तर पत्ता तुमचा आहे. वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल किंवा ‘१०.’ने सुरू होत असेल, तर कंपनीने अनेक घरं एकाच पत्त्यामागे बसवली आहेत. याला सीजीनॅट म्हणतात.

वीस बिऱ्हाडांचा वाडा आणि एकच दिंडी दरवाजा, असं समजा. तुम्ही पत्र पाठवलं की दरवाजावरचा रखवालदार वहीत नोंद करतो, त्यामुळे त्याचं उत्तर आलं की बरोबर तुमच्या खोलीत पोचतं. पण बाहेरून कोणी आपणहून पत्र पाठवलं आणि त्यावर फक्त वाड्याचा पत्ता असेल, तर रखवालदाराला ते कोणाला द्यायचं ते कळत नाही आणि तो ते टाकून देतो. तुमच्या खोलीच्या दारावर कितीही पाट्या लावा. पोर्ट फॉरवर्डिंग, डीएमझेड, डायनॅमिक डीएनएस या सगळ्या आतल्या पाट्या आहेत. दरवाजा कंपनीचा आहे.

मग तीन वाटा. कंपनीकडे स्टॅटिक आयपी (न बदलणारा, फक्त तुमचा पत्ता) मागा, त्याचे वेगळे पैसे पडतात. किंवा कॅमेऱ्याच्या कंपनीचं अ‍ॅप वापरा, कारण त्यात डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) स्वतः बाहेर संपर्क करतो आणि रखवालदाराच्या वहीत नोंद होते. किंवा टेलस्केलसारखं, दोन उपकरणांत खासगी जोडणी करणारं सॉफ्टवेअर घरातल्या एखाद्या कायम चालू संगणकावर बसवा. तिसरी वाट सगळ्यात चांगली आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी.

पत्ता खरा असला तरी डीव्हीआरचं पोर्ट थेट उघडू नका. डीव्हीआरचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) वर्षानुवर्षं जुनं असतं आणि इंटरनेटवर उघडी पोर्टं चोवीस तास कोणी ना कोणी चाचपत असतं. राऊटरमध्ये वायरगार्डची (बाहेरून घरच्या जाळ्यात शिरण्याच्या व्हीपीएनची) सोय असेल तर ती चालू करा. मग यूडीपी ५१८२० हे एकच पोर्ट उघडं राहतं आणि किल्ली नसलेल्याला ते उत्तरही देत नाही. पोर्ट उघडायचंच असेल तर त्या उपकरणाचा आयपी आधी पक्का करा (ते पुढे आहे), टीसीपी की यूडीपी ते बघा, आणि तपासताना फोनचं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावरून तपासा. घरातूनच बाहेरचा पत्ता टाकला तर कित्येक राऊटर तो आत वळवत नाहीत आणि सगळं बरोबर असूनही चुकल्यासारखं वाटतं.

यूपीएनपी म्हणजे उपकरणांना स्वतः दार उघडायची मुभा. गेमिंग कन्सोल नसेल तर बंद करा. डीएमझेडला हात लावू नका, त्यात एका उपकरणाची सगळीच दारं उघडी पडतात.

दोन डबे असतील तर

कंपनीचा ओएनटी (फायबर जिथे लागते तो डबा) आणि मागे तुमचा चांगला राऊटर, अशी जोडी आता घरोघरी आहे. वॅन आयपी १९२.१६८ने सुरू होताना दिसला तर तुमच्याकडे नॅट (आतले पत्ते एका पत्त्यामागे लपवणं) दोनदा होतंय. नुसतं बघणं-वाचणं असेल तर त्याने काही अडत नाही, तसंच चालू द्या. फक्त दोन्ही डब्यांचा पत्ता १९२.१६८.१.१ असता कामा नये. असेल तर तुमच्या राऊटरला बाहेर कुठे आणि आत कुठे हेच कळत नाही. तुमच्या राऊटरचा लॅन पत्ता (घराच्या बाजूचा) १९२.१६८.५०.१ असा वेगळा करा.

प्रिंटर, टीव्ही, फोन सगळे एकाच जाळ्यात हवे असतील तर दुसऱ्या राऊटरला ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’वर टाका, म्हणजे तो पत्ते न वाटता फक्त वाय-फाय देतो. तो पर्याय नसेल तर हाताने करा: दुसऱ्याचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्याचं डीएचसीपी (पत्ते वाटण्याचं काम) बंद करा आणि पहिल्याकडून येणारी केबल त्याच्या वॅनमध्ये नव्हे तर लॅनच्या पोर्टमध्ये लावा. डीएचसीपी बंद करायला विसरलात तर घरातले काही फोन चालतात, काही चालत नाहीत आणि उद्या त्याच्या उलट होतं; कारण जो डबा आधी उत्तर देतो त्याचा पत्ता फोन धरतो.

तिसरा पर्याय ब्रिज मोडचा. त्यात ओएनटी फक्त फायबरचं केबलमध्ये रूपांतर करतो आणि पीपीपीओईचं युजरनेम तुमच्या राऊटरमध्ये भरायचं. सर्वांत स्वच्छ मांडणी हीच, पण ओएनटीला लँडलाइन जोडलेली असेल तर ती बंद पडेल का, हे कंपनीला आधी विचारा.

पत्ते वाटणारा

डीएचसीपी घरातल्या प्रत्येक उपकरणाला पत्ता देतो. मूळ सेटिंगमध्ये तो बरेचदा २पासून २५४पर्यंत काहीही देतो. ती मर्यादा १०० ते १९९ अशी करा आणि प्रिंटर, डीव्हीआर, टीव्हीसाठी शंभराखालचे पत्ते ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’मध्ये राखून ठेवा. काही राऊटर राखीव पत्ताही मर्यादेच्या आतलाच मागतात. तसं झालं तर १८०च्या पुढचे राखा. पत्ता उपकरणाच्या आत हाताने टाकण्यापेक्षा राऊटरमध्ये राखणं बरं. पुढे राऊटर बदलला तर प्रत्येक उपकरणापाशी जाऊन बसावं लागत नाही.

फोनच्या बाबतीत एक फसगत होते. रिझर्व्हेशन मॅक पत्त्यावर (उपकरणाच्या नेटवर्क ओळखक्रमांकावर) चालतं, आणि अँड्रॉइड १० आणि आयओएस १४पासून फोन प्रत्येक वाय-फायला बनावट मॅक दाखवतो. नेटवर्क ‘विसर’ म्हणून पुन्हा जोडलं की तो बदलू शकतो, आणि मुलांच्या फोनवर लावलेली रात्री दहाची मर्यादा दुसऱ्या दिवशी निकामी होते. मुलांना हे आपल्याआधी कळतं. घरच्या नेटवर्कपुरतं फोनमध्ये ‘डिव्हाइस मॅक’ निवडा किंवा ‘प्रायव्हेट अ‍ॅड्रेस’ बंद करा. वेळेच्या मर्यादा लावताना राऊटरचं घड्याळही बघा. टाइमझोन +५:३० नसेल तर रात्री दहाचं बंधन भलत्याच वेळी लागतं.

गणपतीत आरतीला तीस-चाळीस माणसं जमतात आणि प्रत्येकाला पासवर्ड हवा असतो. त्यासाठी गेस्ट नेटवर्क चालू करा आणि त्याची पत्ता धरून ठेवायची मुदत, म्हणजे ‘लीज टाइम’, वेगळी ठेवता येत असेल तर दोन तास करा. स्मार्ट प्लग, बल्ब आणि स्वस्त कॅमेरेही कायमचे गेस्टवरच बरे. पण गेस्टवरून टीव्हीवर काही टाकता येत नाही आणि प्रिंटर दिसत नाही. तो बिघाड नव्हे, वेगळं ठेवण्याचा अर्थच तो.

डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलायचं तर १.१.१.१, ८.८.८.८ किंवा ९.९.९.९ यांपैकी काहीही चालतं. यामुळे वेग दुप्पट होतो ही अफवा आहे. कंपनीचा डीएनएस अधूनमधून मान टाकत असेल तरच फरक जाणवतो. लहान मुलांसाठी १.१.१.३ आणि १.०.०.३ टाकले तर प्रौढ साइट बऱ्याच अडतात, मात्र फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ चालू असेल तर ही चाळणी बाजूला राहते. आयपीव्ही६ (नव्या, लांब पत्त्यांची पद्धत) बंद करा असा सल्ला जागोजागी मिळतो, तो ऐकू नका. चालू ठेवा आणि त्याचा फायरवॉल चालू आहे एवढं बघा.

वाय-फाय: निम्मं काम भिंतींचं

२.४ गिगाहर्ट्‌झमध्ये चॅनेल तेरा दिसतात, पण एकमेकांच्या अंगावर न येणारे तीनच: १, ६ आणि ११. चॅनेल पाच-पाच मेगाहर्ट्‌झवर आहेत आणि प्रत्येकाला जागा वीसची लागते. तीन-चार शेजाऱ्यांना टाळायचं म्हणून चॅनेल ३ निवडणारा १ आणि ६ दोन्हींवरचा गोंगाट ऐकतो. रुंदी २० मेगाहर्ट्‌झच ठेवा. ४०वर टाकलं तर रावपुऱ्यासारख्या भिंतीला भिंत लागलेल्या वस्तीत स्वतःचंही जातं आणि शेजाऱ्याचंही. फोनवर वाय-फाय अ‍ॅनालायझर उतरवा आणि रात्री नऊच्या सुमाराला, सगळे घरी असताना, कोणत्या चॅनेलवर गर्दी कमी ते बघा. दुपारी बघून उपयोग नाही.

५ गिगाहर्ट्‌झमध्ये ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ घ्या, रुंदी ८०. मधले ५२ ते १४४ मोकळे दिसतात, पण ते रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत. तिथे राऊटरला सुरू होताना निदान एक मिनिट कानोसा घ्यावा लागतो आणि रडारची चाहूल लागली तर लगेच चॅनेल सोडावं लागतं. मग चालू मीटिंग मध्येच तुटते. काही टीव्ही स्टिकना तर ही चॅनेलं दिसतच नाहीत. १६०ची रुंदी निवडली की या पट्ट्यात शिरावंच लागतं.

जुनं घर पुढून अरुंद आणि मागे खोल. वायर ओसरीवर येते, नेटवाला राऊटर तिथेच ठोकतो, आणि मागच्या स्वयंपाकघरापर्यंत विटांच्या तीन जाड भिंती. इथे कुठलीही सेटिंग कामाला येत नाही. माजघरापर्यंत केबल ओढा आणि राऊटर तिथे, माणसाच्या उंचीच्या वर लावा. माडीसाठी जिन्याजवळ दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट, तोही केबलने. रिपीटर घेऊ नका. एकाच रेडिओवर ऐकणारा आणि बोलणारा रिपीटर वेग निम्म्यावर आणतो. फ्लॅटमध्ये शत्रू वेगळे: लिफ्टची खोबण, आरसा, लोखंडी कपाट, माशांची टाकी. ‘ट्रान्समिट पॉवर’ पूर्ण ठेवूनही कोपऱ्यात कांड्या दिसतात आणि पान उघडत नाही, कारण राऊटरचा आवाज फोनपर्यंत जातो पण फोनचा राऊटरपर्यंत येत नाही. दोन अ‍ॅक्सेस पॉइंट असतील तर पॉवर मध्यमवर आणा, म्हणजे फोन लांबच्याला चिकटून बसत नाही.

केबल ओढून झाल्यावर वेग ९४-९५ एमबीपीएसवर अडकला, तर सेटिंग शोधू नका. ती जोडणी १००ची झाली आहे. गिगाबिटला आठही तारा लागतात. एक तार क्रिम्पमध्ये (टोकाच्या प्लगमध्ये) नीट बसली नसेल किंवा वायरमनने चारच तारा लावल्या असतील तर असंच होतं. कॅट-५ई किंवा कॅट-६ केबल घ्या, दोन्ही टोकं नव्याने क्रिम्प करून बघा.

मे महिन्यात बडोद्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि बहुतेक घरगुती राऊटर शून्य ते चाळीस अंशांसाठी बनवलेले असतात. टीव्हीच्या बंद कपाटात किंवा अगाशीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलेला डबा दुपारी अडखळला तर नवल नाही. आधी जागा बदला, मग फर्मवेअरला दोष द्या.

फोटो चढताना कॉल तुटतो

कोणाचा तरी फोन रात्री शेकडो फोटो क्लाउडवर चढवू लागला की अपलोडची नळी तुंबते आणि दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडकतो. इथे ‘क्यूओएस’ किंवा ‘एसक्यूएम’ (कोणाची माहिती आधी सोडायची ते ठरवणारी सेटिंग) कामाला येतं. आधी केबलवरून खरा अपलोड आणि डाउनलोड मोजा आणि त्याच्या ९० टक्के आकडे भरा. प्लॅनवर छापलेले भरू नका. रांग कंपनीच्या डब्यात न लागता तुमच्या राऊटरमध्ये लागावी, हा हेतू. स्वस्त राऊटरवर हे चालू केल्यावर ३०० एमबीपीएसची जोडणी एकदम खाली आली, तर त्याचा प्रोसेसर पुरत नाही. मग बंद करा आणि फोटोंचा बॅकअप पहाटेवर ढकला.

एखाद्या बँकेची साइट किंवा ऑफिसचं व्हीपीएन तेवढंच अडकतं आणि बाकी सगळं चालतं, तेव्हा एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) बघा. पीपीपीओई प्रत्येक पाकिटातले ८ बाइट खातं, म्हणून १५००ऐवजी १४९२ हवं. विंडोजवर पिंगला ‘-f -l 1464’ जोडून तपासा. वरचे २८ बाइट मथळ्याचे, बेरीज १४९२. उत्तर आलं तर ठीक, ‘तुकडे करावे लागतील’ असं आलं तर १४६४ दहा-दहाने कमी करत जा, उत्तर येईल त्या आकड्यात २८ मिळवा आणि ते राऊटरमध्ये भरा.

उत्तरायण आणि लाल दिवा

१४-१५ जानेवारीला सगळं गाव अगाशीवर असतं आणि एका अगाशीवरून दुसरीवर गेलेल्या फायबरवर पाय पडतात, पतंग अडकतात, मांजा ओढला जातो. फायबर तुटली नाही तरी अंगठीएवढ्या वळणात दुमडली की आतला प्रकाश गळतो. ओएनटीवरचा ‘एलओएस’ (फायबरमधला प्रकाश येत नसल्याचा दिवा) लाल झाला तर राऊटरच्या एकाही सेटिंगला हात लावू नका, आणि रीसेट तर मुळीच करू नका. बिघाड बाहेर आहे.

यासाठी आजच, सगळं सुरळीत असताना, ओएनटीच्या ‘पॉन’ किंवा ‘ऑप्टिकल’ पानावरचा ‘आरएक्स पॉवर’ (फायबरमधून पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद) लिहून ठेवा. तो उणे आकड्यात असतो: -१५ ते -२४ चांगला, -२७च्या पलीकडे जोडणी ढेपाळते. तक्रार नोंदवताना ‘नेट स्लो आहे’ म्हटलं की राऊटर बंद करून चालू करायला सांगतात. ‘आरएक्स -१९ होता, उत्तरायणनंतर -२८ झाला, राऊटर बदललेला नाही’ असं सांगा, आणि येणाऱ्या माणसाला पॉवर मीटर व स्प्लायसिंगचं (फायबर जोडण्याचं) यंत्र घेऊनच यायला सांगा.